बाबांची पंचेचाळीस, माझी अडतीस

९ नोव्हेंबर १९६४, सोमवार

दहाव्या गोळीला हात गेला.

गावातल्या मंडळाच्या हॉलखालच्या तळघरात आज नेमबाजीच्या मोसमाची पहिली संध्याकाळ. वर्षभरानं बाबांचं पिस्तूल हातात धरलं. पहिल्या पाच गोळ्या अशा गेल्या की मी मनातल्या मनात गुणगुणायला लागले. सहाव्याला मोडक्या मनगटात बसवलेली धातूची पट्टी बोलली. दहाव्यानंतर पिस्तूल टेबलावर ठेवलं, आणि ते ठेवलंय हे मला बघून कळलं. बोटांना काही खबरच नव्हती. मागच्या हिवाळ्यात बेकरीच्या पायरीवर बर्फावरून घसरले, त्याची ही शिक्षा. बाबांचं पिस्तूल पंचेचाळीस कॅलिबरचं, त्याचा धक्का म्हणजे कुणीतरी हातावर दार लोटून द्यावं तसा. धडधाकट मनगटाला त्याचं काही वाटत नाही. माझ्या मनगटाला वाटतं.

कार्लो रांता वाटच बघत असावा. आमच्या नेमबाजी क्लबचा सेक्रेटरी, लागोपाठ आठ वर्षं विजेता, गावातल्या हार्डवेअरच्या दुकानाचा मालक — आणि पहिलीपासून माझ्या बाकावर बसलेला. जवळ येऊन म्हणाला, "हेल्मी, तुझं अक्षर चांगलं आहे. यंदाही गुण लिहायला तूच बस." आणि पेन्सिल पुढे केली. टोक करून आणली होती!

मी ती घेतली. घेतली, हेच झोंबतंय.

१० नोव्हेंबर

पेन्सिल चुलीत घातली.

१२ नोव्हेंबर

सुचलं. शेडमध्ये गिऱ्हाइकाच्या करवतीची साखळी लावता लावता सुचलं.

क्लबच्या लीगचा नियम एवढाच आहे की गोळी बावीसहून मोठी हवी. पंचेचाळीसच हवी असं कुठं म्हटलंय? रिव्हॉल्वरवाले अडतीसचं नेमबाजीचं काडतूस वापरतात. सौम्य, धक्का निम्माही नाही, आणि गोळीचं नाक सपाट. आता बाबांचं पिस्तूल काही रिव्हॉल्वर नाही. ते जन्मभर पंचेचाळीसवर पोसलेलं. तर त्याला अडतीस खायला शिकवायचं! सांगाडा बाबांचा, लाकडी मूठ बाबांची, चाप बाबांचा. नळी, वरची स्लाईड आणि मॅगझीन तेवढी नवी. मूळचे तीन भाग तेल लावून बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायचे, म्हणजे बाबांनाही तक्रारीला जागा नको. युद्धाच्या वेळी डेट्रॉईटच्या कारखान्यात चार वर्षं लेथवर उभी होते ती काय स्वेटर विणायला?

आर्वोला जेवताना सांगितलं. माझा नवरा बेकरीत पहाटेपासून पिठाशीच बोलतो, माणसांसाठी शब्द उरत नाहीत. पास्टीचा, मांस-बटाट्याच्या त्या मोठ्या करंजीचा, घास गिळून म्हणाला, "बरं." लग्नाला होकारही त्यानं असाच दिला होता.

१४ नोव्हेंबर

कार्लोच्या दुकानात पॉलिश पेपर आणायला गेले. बातमी माझ्याआधीच पोचलेली. गल्ल्यावर कोपर टेकून त्यानं मला शिकवलं — रिव्हॉल्वरच्या काडतुसाला बुडाशी कड असते, मॅगझीनमध्ये एकाची कड दुसऱ्याच्या कडेत अडकणार, अडकणार म्हणजे अडकणारच. हे मला माहीत नाही की काय! मोठमोठ्या शहरांतले कारागीर हे करून बसलेत, मग मी का नाही, असं विचारलं.

"ते शहरातले आहेत. आणि ती पिस्तुलं त्यांच्या बापाची नाहीत. इसाकची शेवटची वस्तू आहे गं. तिचं खेळणं करू नकोस."

बाबांचं नाव काढलं मेल्यानं. पेपर घेतला आणि दार आपटून आले. घरी येऊन बघते तर भलत्याच नंबरचा पेपर दिलेला. विजेत्याचं लक्ष हल्ली गिऱ्हाइकाकडे नसतं!

१६ नोव्हेंबर

हरणांचा मोसम सुरू. गावात बाप्या माणूस औषधाला नाही. शेडमध्ये मी आणि लेथ. काय सुख!

५ डिसेंबर

नळी बसली. स्लाईड अजून कुरकुरते. दाराशी चार फूट बर्फ. आर्वोनं शेडपर्यंत फावड्यानं वाट काढली आणि लेथवर वेलचीचा गोड पाव, निसू, ठेवून गेला. गिऱ्हाइकांच्या दोन करवती तशाच पडून आहेत. लाकडं तोडायची घाई असलेल्यांनी कुऱ्हाड घ्यावी.

१२ डिसेंबर

पहिली चाचणी, शेडमागच्या वाळूच्या ढिगाऱ्यात. एक गोळी सुटली. स्लाईड अर्धवट मागे गेली आणि रिकामं कवच तिथंच उभं अडकलं. काढलं. पुन्हा तेच. पुन्हा काढलं. मग दोन काडतुसांच्या कडा एकमेकींत अडकून बसल्या, कार्लोनं सांगितलं होतं अगदी तश्शा. मॅगझीन बर्फात फेकली. मग तासभर बर्फ उपसून शोधली. आर्वो बेकरीच्या मागच्या दारातून बघत होता. हसला नाही. शहाणा माणूस!

१४ डिसेंबर

लीगला गेले ती नुसती बघायला. कार्लो यंदा नव्या ऐटीत उभा राहतो. मान कोंबडीसारखी वाकडी करून नेम धरतो. मी विचारलं, हे कुठल्या मासिकात वाचलंस? म्हणाला, मानेत कळ आहे. गुणही नेहमीचे नाहीत, पण त्याचे पडलेले गुणसुद्धा आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वर.

राज्याच्या स्पर्धेला चौघांचा संघ राजधानीत, लान्सिंगला जायचा. पहिले तिघे ठरल्यात जमा, खाणीतले दोघे भाऊ आणि शाळेचे मास्तर. चौथी जागा मोसमाच्या शेवटच्या संध्याकाळी ठरणार — त्या दिवशी उरलेल्यांत जो वर तो. सगळे धरून चाललेत की तो कार्लोच. मला ती जागा हवी आहे. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मागे हटायला नको. मला सामुद्रधुनीवरच्या मोठ्या पुलापलीकडे, लान्सिंगला जायचंय, बाबांचं पिस्तूल घेऊन, आणि पेन्सिल घेऊन नाही.

२७ डिसेंबर

नाताळ झाला. उरलेल्या निसूचे तुकडे चहात बुडवून खाल्ले. पिस्तुलाकडे बघितलं नाही. ते माझ्याकडे बघत होतं.

९ जानेवारी १९६५

दोन गोष्टी समजल्या. एक, सौम्य काडतुसाच्या अंगात जुनी दणकट स्प्रिंग दाबायचा जोरच नाही. मी पंचेचाळीसचं ओझं अडतीसच्या डोक्यावर ठेवत होते. दुसरी, मॅगझीन भरताना मी घाई करते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसली की अडत नाही, मागे गेली की अडली. म्हणजे दोष माझ्या बोटांचा होता. काडतूस बिचारं निर्दोष.

स्प्रिंग मागवली आहे. पोस्टमनशी जरा गोड बोलावं लागणार.

२३ जानेवारी

चालली!!

पाच भरल्या, पाच सुटल्या. पुन्हा पाच. पुन्हा. पन्नास गोळ्या झाडल्या आणि एकही अडली नाही. कवचं बर्फात पडून चुर्र चुर्र करत होती. आणि मनगट? मनगटाला काही कळलंच नाही! दार लोटल्यासारखं काही नाही, कुणीतरी खांद्यावर थाप मारावी तेवढंच. मी शेडमागे एकटी उभी राहून ओरडले. शेजारचं कुत्रं घाबरलं.

आर्वोला कागद दाखवला. सपाट नाकाच्या गोळीनं पडलेली भोकं कशी स्वच्छ, कड जराही फाटलेली नाही. त्यानं कागद दिव्याकडे धरला, प्रत्येक भोकातून आरपार बघितलं आणि म्हणाला, "माझ्या बिस्किटांच्या साच्यापेक्षा गोल आहेत." बावीस वर्षांच्या संसारात एवढं मोठं कौतुक पहिल्यांदा.

२५ जानेवारी

लीगमध्ये उतरले. तीसही गोळ्या पुऱ्या केल्या, हात शाबूत. तीनशेपैकी दोनशे एकसष्ट. नेस्टरकाका म्हणाले, "पोरी, इसाकची पंचेचाळीस हल्ली फारच हळू बोलते." काका अठ्ठ्याहत्तरचे. बाबांच्या काळापासून टार्गेटवरचे वादाचे गुण तेच ठरवतात. मी सांगितलं की आता ती अडतीस आहे. मान हलवली. ऐकू आलं असेल नसेल.

कार्लोनं पिस्तूल हातात घेतलं, नळीवरून अंगठा फिरवला, स्लाईड ओढून पाहिली. बराच वेळ. मग म्हणाला, "काम चोख आहे." आणि पुढे काही जोडलं नाही. मी आपली टोमण्याची वाट बघत उभी.

१५ फेब्रुवारी

दोनशे चौऱ्याहत्तर!

भिंतीवर लान्सिंगची सूचना लावली आहे. कार्लो म्हणाला, मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. सेक्रेटरी हा, सूचना आणलेली यानं, आणि वाचायची मी! वाचली. चष्मा दुकानात राहिला म्हणे. चष्मा कधी लागला याला?

१ मार्च

मी दोनशे शहात्तर, कार्लो दोनशे सत्त्याहत्तर. घरी येऊन कणकेला इतके बुक्के मारले की आर्वोनं उद्याचाही पाव माझ्याकडेच सोपवला.

१५ मार्च

सगळं लिहायचंय. एकही गोष्ट सुटायला नको.

तळघर गच्च भरलेलं. वर हॉलमध्ये मंडळाच्या बायकांनी कॉफी चढवलेली. मी सात नंबरवर, कार्लो शेजारी आठवर. पहिल्या दोन टार्गेटांना आम्ही इतके बरोबरीनं चाललो होतो की मास्तर गुण सांगताना हसायला लागले. शेवटची दहा. मी मॅगझीन भरली — सावकाश, एकेक कड पुढे. श्वास सोडला. बाबा म्हणायचे, चापाला विचारू नकोस कधी सुटणार, नुसती दाबत राहा. दाबत राहिले.

नऊ गोळ्या कुठं गेल्या ते मला माहीत होतं. दहावी सुटताना कोपर जरा हललं. दोरीवरून टार्गेट सरकत आलं तेव्हा दिसलं, नवाच्या घरात, दहाच्या रेषेला अगदी खेटून. रेषेला शिवलं तर दहा, नाही शिवलं तर नऊ. मला वाटलं, नऊ. मध्ये काळ्या कागदाची केसाएवढी पट्टी शिल्लक दिसत होती. मास्तर म्हणाले शिवलंय, खाणीतल्या भावांपैकी थोरला म्हणाला नाही. मग नेस्टरकाकांना बोलावलं.

असा वाद झाला की काका भोकात त्या गोळीच्या मापाचं पितळी गेज घालतात आणि त्याची कड रेषेला लागते का बघतात. एकदाच घालायचं. गेजनं कागद ताणला जातो, म्हणून ते भोक पुन्हा कुणी मोजायचं नाही आणि निकालावर कुणी बोलायचं नाही. नेमबाज तोवर पिवळ्या पट्ट्यामागे. मी मागे उभी राहिले. गेजं सेक्रेटरीकडेच असतात; कार्लोनं खिशातली तंबाखूची डबी काढली, त्यातलं गेज काकांच्या हातात दिलं आणि तोही माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. काका वाकले. खूप वेळ वाकलेले राहिले. मी आर्वोकडे बघितलं. तो एप्रनवरच आला होता, भुवयांवर पीठ.

"दहा," काका म्हणाले.

दोनशे एकोणऐंशी! कार्लोचे दोनशे अठ्ठ्याहत्तर. शिवाय दहाच्या आत जे बारीक वर्तुळ असतं, बरोबरी झाली तर जे मोजतात, ते माझं आठ वेळा फुटलं आणि त्याचं पाच. म्हणजे सगळीकडून मीच! माझ्या डोळ्यांनी नऊ म्हटलं होतं, पण गेजला डोळ्यांपेक्षा जास्त कळतं. थोरल्या भावानं मला उचललं. मंडळाच्या बायका कॉफी टाकून खाली आल्या. कार्लोनं हात पुढे केला, माझा दुखरा हात हळूच धरला आणि म्हणाला, "लान्सिंगला नाक कापून येऊ नकोस." यापेक्षा जास्त तो कधी काही बोलणार नाही आणि मला नकोही होतं.

आर्वो घरी येताना वाटेत गात होता. आर्वो!

१६ मार्च

बेकरीत जो येतो तो पाव विसरून पिस्तुलाचंच विचारतो. आर्वो पहाटेच लवकर भट्टीशी गेला होता. आज प्रत्येक गिऱ्हाइकाला एक बिस्कीट जास्त. गोल.

१७ मार्च

तिसरं टार्गेट शेडमध्ये लेथच्या वर खिळ्यानं ठोकलं. त्याखाली बिस्किटांचा डबा, आत बाबांची पंचेचाळीस. एका सांगाड्याच्या या दोघी सुखी आहेत.

२० मार्च, शनिवार



दुपारी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, पेटवून शेडमध्ये आले. कामात मन नव्हतं. पुढच्या शनिवारी लान्सिंग! टार्गेट खाली काढलं आणि अडतीसची एक सुटी गोळी घेऊन पोरकटपणा करत बसले. एकेका भोकात घालून बघायची. पहिल्यात घट्ट. दुसऱ्यात घट्ट. प्रत्येक भोकात ती आपल्याच घरात बसल्यासारखी. मग ते शेवटचं, वादाचं भोक. गोळी आरपार पडून टेबलाखाली गेली.

मला आधी हसू आलं. मग दिवा जवळ ओढला. भोक मोठं होतं. एका बाजूनं फाटून नाही, सगळीकडून सारखं ताणलेलं. डबा उघडला. बाबांच्या पंचेचाळीसची एक गोळी काढली आणि घातली. घट्ट बसली.

काकांनी पंचेचाळीसचं गेज घातलं होतं! वीस वर्षं याच पिस्तुलाची भोकं त्याच गेजनं मोजली. मूठ तीच, चेहरा तोच, आत काय बदललंय ते त्यांना कुठून दिसणार? मोठं गेज रेषेला शिवणारच. माझ्या भोकाचं काय ते आता देवालाही सांगता येणार नाही, कारण ते भोक राहिलंच नाही. आणि माझ्या डोळ्यांनी नऊ म्हटलं होतं.

सौनात बसले पण ऊब लागेना. आर्वोला सांगितलं. त्यानं पाण्याची पळी खाली ठेवली. "उद्या कार्लोकडे जा. आधी त्याच्याकडे." एवढंच.

२१ मार्च

गेले. टार्गेट त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. काकांची चूक झाली, मी उद्या सगळ्यांसमोर सांगते, जागा तुझी.

कार्लोनं टार्गेटकडे बघितलंच नाही. म्हणाला, "काकांची चूक नाही. गेज मी काढून दिलं. डबीत हात घालून, चाचपून. मोठं कुठलं ते बोटांना अजून कळतं."

त्याचा उजवा डोळा ऑक्टोबरातच गेला होता. डावा धुरकट होत चाललाय. मान वाकडी, भलता पेपर, सूचना — सगळं माझ्यासमोर होतं आणि मी त्याला कोंबडी म्हणत होते! लान्सिंगला, परक्या दिव्यांत, चारचौघांत उघडं पडायचं नव्हतं त्याला. आणि माझ्याशी मुद्दाम हरणंही जमेना, म्हणाला, हात ऐकत नव्हता.

मला इतका राग आला की मी उठून उभी राहिले. भीक नको होती मला. त्यानं माझी बाही धरली.

"एक सांग हेल्मी. तुला दिसत होतं. गेज घालायच्या आधी शिवलं होतं का ते रेषेला?"

"नव्हतं," मी म्हणाले.

त्यानं टेबलावर मूठ आपटली, कप नाचले. "म्हणजे दोघांचे दोनशे अठ्ठ्याहत्तर, बरोबरी! एका डोळ्यानं, हेल्मी, तुझ्याशी बरोबरी!" असा हसला की मला शाळेतला कार्लो दिसला. मग त्यानं कॉफी ओतली. निम्मी बशीत सांडली, ती मी पुसली नाही.

शनिवारी गाडीत पुढच्या सीटवर तो बसणार आहे. माझी मॅगझीन तोच भरणार, बोटांनी चाचपून, एकेक कड पुढे.

बरोबरी झाली की आतली वर्तुळं मोजतात. माझी आठ होती, त्याची पाच. त्यानं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.